वातींच्या कापसात सापडलेली अळी

प्रश्न : माझे माहेर यवतमाळ जिल्ह्यातील आहे. दरवर्षी माघात तिकडे गेले की भाऊ देवासाठी म्हणून सरकीसकट थोडा कापूस बांधून देतो आणि इकडे परतल्यावर मी सवडीने सरकी काढून फुलवाती व तेलवाती वळते. यंदा चैत्रात डबा उघडला, तेव्हा काही ठिकाणी दोन दोन सरक्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या आढळल्या. त्यातली एक जोडी नखाने उकलली, तर आत गुलाबी रंगाची एक लहानशी अळी अंग मुडपून बसली होती आणि ती जिवंत होती. डब्यात बंद राहून ही अळी इतके दिवस जगली कशी? ती माझ्या परसातील भेंडीला आणि जास्वंदीला लागेल काय? भाऊ म्हणतो की, बीटी बियाणे पेरले तरी ही अळी पडतेच. मग त्या बियाण्याचा उपयोग काय?
— एक वाचिका, फोंडा

उत्तर : आपल्या वर्णनावरून ती गुलाबी बोंडअळी आहे, याविषयी मला शंका वाटत नाही. दोन सरक्या आतून पोखरून, त्या रेशमी धाग्याने एकमेकींना जोडून मधल्या पोकळीत दडून बसणे ही या अळीची ओळखीची खूण आहे. कपाशीवरील अमेरिकन बोंडअळी किंवा ठिपक्यांची बोंडअळी असे घर करीत नाही. पेक्टिनोफोरा गॉसिपिएला हे तिचे शास्त्रीय नाव. १८४२ मध्ये आपल्याच देशात भरूचच्या कपाशीवर तिने केलेले नुकसान नोंदले गेले आणि पुढच्याच वर्षी सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले.

आपल्या हाती लागलेली अळी सुप्तावस्थेत होती. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडू लागल्या आणि बोंडे जून झाली की, हंगामाच्या शेवटच्या पिढीतील काही अळ्या पूर्ण वाढ होऊनही कोषात जात नाहीत. त्या खाणे थांबवतात, त्यांचा श्वास मंदावतो आणि अंगात साठवलेल्या चरबीवर त्या महिनोन्महिने निश्चल पडून राहतात. अशी अळी वर्ष उलटून गेल्यावरही जिवंत सापडू शकते, तेव्हा आपल्या डब्यातील काही महिन्यांचा मुक्काम तिच्या दृष्टीने फारसा मोठा नव्हता. सरकीत, न उमललेल्या कवडी बोंडात, जिनिंगच्या आवारातील कचऱ्यात, शेताच्या कडेला रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांत (कपाशीच्या वाळलेल्या झाडांत) आणि जमिनीच्या भेगांतसुद्धा ती अशीच थांबून असते.

हवा तापून वळवाच्या सरी पडल्या की या अळ्या जाग्या होऊ लागतात, कोषात जातात आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून करड्या तपकिरी रंगाचा, पंख पसरले तरी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर भरणारा पतंग बाहेर येतो. सर्व पतंग एकाच वेळी निघत नाहीत. मे-जूनमध्ये जे निघतात, त्यांना शेतात कपाशीची पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, मिळाली नाही, तर त्यांची अंडी वाया जातात आणि पंधरा दिवसांच्या आत-बाहेर ते मरून जातात. आपल्या भावाला पूर्वहंगामी पेरणी टाळावी, असा सल्ला कृषी खात्याकडून वारंवार दिला जातो, त्यामागचे कारण हेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत ओलिताखाली लावलेली कपाशी लवकर पात्यांवर येते आणि जे पतंग उपाशी मरायचे, त्यांच्यापुढे आयते ताट वाढून ठेवल्यासारखे होते.

पतंग रात्री उडतात व दिवसा ढेकळांखाली, पानांआड दडतात. एक मादी साधारणपणे शंभर ते दोनशे अंडी घालते. अंडे अर्ध्या मिलिमीटरचे, मोत्यासारखे पांढरट असते. हंगामाच्या आरंभी ती कोवळ्या शेंड्यांवर व पात्यांवर अंडी घालते. परंतु बोंडे धरली की, बोंड आणि त्याच्या देठाशी असलेली पाकळ्यांसारखी हिरवी पाने यांच्या फटीत तिला त्याहून सुरक्षित जागा मिळते. तीन ते पाच दिवसांत अंड्यातून पांढुरकी, काळसर डोक्याची, केसाएवढी बारीक अळी बाहेर पडते आणि काही तासांतच फुलात किंवा बोंडात शिरते. या काही तासांकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण अळीच्या साऱ्या आयुष्यात फवाऱ्याचा थेंब तिच्या अंगावर पडू शकेल, असा काळ एवढाच असतो. त्यापुढे ती सदैव कशाच्या तरी आत असते.

फुलात शिरलेली अळी पाकळ्या रेशमाने आतून शिवून टाकते, त्यामुळे फूल उमलत नाही आणि गुलाबाच्या अर्धवट कळीसारखे दिसते. विदर्भातील शेतकरी त्याला ‘डोमकळी’ म्हणतात. हे लक्षण उघड दिसते, म्हणून ते उपकारकच मानले पाहिजे. बोंडात शिरलेल्या अळीचे तसे नसते. तिने पाडलेले सुईच्या टोकाएवढे छिद्र बोंड वाढताना बुजून जाते, बोंड बाहेरून हिरवेगार, निरोगी दिसते आणि आत ती एका सरकीतून दुसऱ्या सरकीत, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जात राहते. वाढीच्या चार अवस्थांतून जात, दहा ते चौदा दिवसांत ती सुमारे एक सेंटिमीटरहून थोडी अधिक लांब होते आणि तिचा ठळक गुलाबी रंग शेवटच्या अवस्थेतच येतो. म्हणून बोंड फोडल्यावर पांढरी अळी दिसली, तर ती गुलाबी बोंडअळी नव्हे, असे समजून स्वस्थ बसणाऱ्यांची फसगत होते. वाढ पुरी झाली की ती बोंडाला वाटोळे छिद्र पाडून जमिनीवर उतरते, पालापाचोळ्यात किंवा मातीच्या वरच्या थरात कोष करते आणि पुन्हा पतंग होते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा फेरा उबदार हवेत सुमारे एका महिन्यात पुरा होतो. एका हंगामात अशा चार ते सहा पिढ्या होऊ शकतात आणि शेवटच्या पिढ्यांतील काही अळ्या आपल्या डब्यातल्या अळीप्रमाणे सरकीत झोपी जातात.

जोडलेल्या सरकीतील या झोपेने जगाच्या शेतीचे केवढे नुकसान केले, हे सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातून गेलेल्या सरकीबरोबर ही अळी इजिप्तमध्ये पोहोचली, इजिप्तच्या सरकीतून १९११ मध्ये मेक्सिकोत गेली आणि १९१७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात आढळली. पतंगाला स्वतःच्या पंखांनी हा प्रवास कधी जमला नसता. अमेरिकेने शंभर वर्षांनंतर, ऑक्टोबर २०१८ मध्ये, आपल्या कापूस-क्षेत्रातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. त्यासाठी बीटी कपाशी, नरांना भुलवणाऱ्या मादीच्या गंधाचा (कामगंधाचा) वापर, वंध्य केलेल्या पतंगांची विमानातून सोडणी आणि हंगाम संपताच पऱ्हाट्या गाडून टाकण्याची सक्ती हे सारे उपाय वर्षानुवर्षे एकत्र राबवावे लागले.

आता आपल्या भावाच्या प्रश्नाकडे वळतो. बीटी कपाशीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक घातलेले असते, त्यामुळे झाडात असे प्रथिन तयार होते की, जे खाल्ल्यावर बोंडअळीचे आतडे फुटते. भारतात २००२ मध्ये एका जनुकाच्या आणि २००६ मध्ये दोन जनुकांच्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली. अमेरिकन बोंडअळीवर तिचा परिणाम चांगला झाला, हे मान्य केले पाहिजे. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते, त्यामुळे तिच्या पिढ्यान् पिढ्यांना हेच विष खावे लागले आणि त्यातून जगल्या-वाचलेल्यांचीच प्रजा वाढत गेली. २०१० च्या सुमारास गुजरातमध्ये पहिल्या जनुकाला ती दाद देत नसल्याचे स्पष्ट झाले, काही वर्षांत दोन जनुकांचीही तीच गत झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची बोंडेच्या बोंडे सडली. बीटीच्या भोवती साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या असतात, म्हणजे त्यांवर वाढलेल्या व विषाची सवय न झालेल्या पतंगांशी संकर होऊन सहनशक्ती पातळ होत राहते; पण या आश्रय-ओळी फार थोड्यांनी लावल्या. शिवाय आपल्याकडे संकरित वाण पेरले जात असल्याने एकाच बोंडातील सर्व सरक्या सारख्या नसतात, काहींत विष असते व काहींत नसते, आणि अळीला जणू थोड्या थोड्या मात्रेने ते पचवण्याचा सराव मिळतो. त्यावर कळस म्हणजे फरदड. डिसेंबरात वेचणी संपल्यावर पाणी देऊन तीच कपाशी मार्च-एप्रिलपर्यंत राखली की, अळीला झोपी जाण्याचीसुद्धा गरज उरत नाही.

म्हणून भावाला माझे आग्रहाचे सांगणे असे की, कपाशी डिसेंबरअखेर उपटून टाकावी, फरदड घेऊ नये आणि पऱ्हाट्या सरपणासाठी बांधावर रचून ठेवू नयेत. हे शेवटचे अवघड आहे, याची मला कल्पना आहे, कारण घरची चूल त्यांवर पेटते. परंतु यंत्राने त्यांचा भुगा करून शेतात मिसळणे किंवा निदान पेरणीपूर्वी त्या संपवणे शक्य आहे. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. पीक पात्यांवर आल्यापासून एकरी दोन कामगंध सापळे लावून रोज पतंग मोजावेत. त्यांतील गोळी मादीचा गंध सोडते आणि त्या गंधाने नर येऊन अडकतात. लागोपाठ तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग पडले, अथवा शेताच्या निरनिराळ्या भागांतून तोडलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी निघाली, तर औषधाची वेळ आली असे समजावे. त्याआधी डोमकळ्या वेचून नष्ट करणे आणि पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी यांवर भर द्यावा. २०१७ च्या त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपल्या माहेरच्या माणसांना मी नव्याने सांगायला नको. बोंडात दडलेल्या अळीसाठी औषधावर औषध मिसळून मारल्याने अळीला काही होत नाही आणि ते फवारणाऱ्याच्या अंगावर मात्र येते.

राहिला आपल्या परसाचा प्रश्न. भेंडी, अंबाडी व जास्वंद ही कपाशीच्याच कुळातील झाडे आहेत आणि त्यांवर ही अळी क्वचित आढळल्याच्या नोंदी आहेत. परंतु तिचे खरे घर कपाशीच आहे, त्यामुळे भेंडीची काळजी करू नये. काळजी एकाच झाडाची घ्यावी. गोव्यात पुष्कळ घरांच्या अंगणात, तुळशीच्या आसपास, वातींसाठी देवकापसाचे झाड लावलेले असते. ते बहुवर्षायू असल्याने त्यावर बोंडे सतत असू शकतात आणि आपल्या डब्यातून निघालेल्या पतंगाला ते नक्कीच मानवेल. आपल्याकडे असे झाड असल्यास त्यावरची वाळलेली, अर्धवट उमललेली बोंडे काढून जाळावीत. काढलेली सरकी खताच्या खड्ड्यात न टाकता उकळत्या पाण्यात टाकावी. सरकी काढून पिंजलेला कापूस वातींसाठी निःशंकपणे वापरावा. ही अळी चावत नाही व माणसाला तिचा काही उपद्रव नाही.

प्रश्न : आमच्या मळ्यात सात शिरांची भेंडी आहे. रोपे गुडघाभर झाली की काहींचे शेंडे अचानक मान टाकतात आणि पुढे भेंड्या वाकड्या होऊन त्यांत भोक पडलेले दिसते. आत तपकिरी, ठिपकेदार अळी असते. एका परिचिताने ही कपाशीची बोंडअळी असल्याचे सांगितले. गोव्यात कपाशी नसताना ती आली कोठून?
— एक शेतकरी, सांत इस्तेव

उत्तर : आपल्या परिचिताचे म्हणणे बरोबर आहे. मात्र वरच्या उत्तरातील ती गुलाबी अळी नव्हे. ही ठिपक्यांची बोंडअळी, एरियास व्हिटेला. तिला कपाशीइतकीच भेंडीही आवडते, किंबहुना आपल्यासारख्या दमट हवेत ती भेंडीवर अधिक सुखाने राहते. तेव्हा ती कोठून आली, यापेक्षा ती येथलीच आहे, असे म्हणणे योग्य ठरेल.

तिचा पतंग ओळखायला सोपा आहे. पांढुरक्या पुढच्या पंखांवर मधोमध हिरवा पट्टा असतो. मादी शेंड्यांवर, कळ्यांवर आणि कोवळ्या भेंडीच्या लवेत एकेक सुटे, निळसर हिरवे अंडे घालते. तीन ते पाच दिवसांनी निघालेली अळी, झाडाला फुले नसतील तर शेंड्यातून खाली पोखरत जाते आणि शेंडा वाळतो. फुले आली की ती कळीत व फळात शिरते आणि भोकाच्या तोंडाशी विष्ठा साचते. दोन आठवड्यांच्या आसपास ती पूर्ण वाढते आणि खोडावर किंवा गळलेल्या पानांत मळकट पांढऱ्या रंगाचा, होडीच्या आकाराचा कोष विणते. गुलाबी अळीसारखी लांब झोप हिला नाही, त्यामुळे पावसाळी भेंडी संपून वायंगणातली लागेपर्यंत मळ्यात उरलेली जुनी झाडे हाच तिचा आधार असतो.

यावरून काय करायचे ते उघड होते. मान टाकलेला शेंडा जिथे पोखरलेला आहे, त्याच्या बोटभर खालून खुडावा आणि अळीसकट नष्ट करावा. बाजूने नव्या फांद्या फुटतात, त्यामुळे झाड वाया जात नाही. किडक्या भेंड्या तोडून बांधावर टाकण्याची सवय सोडावी. काढणी संपली की झाडे मुळासकट काढावीत. भेंडी दर दोन-तीन दिवसांनी तोडून बाजारात जात असल्याने तिच्यावर रासायनिक औषध मारणे मला मुळीच पसंत नाही. निंबोळी अर्क पुरेसा ठरतो, फक्त तो कळ्या दिसू लागताच व संध्याकाळी फवारावा. सापळे लावायचे असतील, तर याच पतंगासाठीची गोळी मागून घ्यावी. गुलाबी अळीच्या गोळीकडे हे नर फिरकत नाहीत.

प्रश्न : घरामागच्या सावरीची बोंडे फुटली की शिमग्यानंतर झाडाखाली लाल-काळ्या किड्यांचे थवे जमतात, भिंतीवर चढतात आणि पुष्कळदा दोन किडे शेपटीकडून जुळलेले फिरताना दिसतात. मुले त्यांना घाबरतात. ते विषारी आहेत काय?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : ते विषारी नाहीत. कपाशी पिकवणाऱ्या मुलखात त्यांना तांबडे ढेकूण म्हणतात. शास्त्रीय नाव डिसडर्कस. पोटाच्या खालच्या बाजूस पांढरे आडवे पट्टे दिसले की ओळख पक्की समजावी. सावरीच्या बोंडातून खाली पडणाऱ्या बियांतील रस सोंडेने शोषून घेण्यासाठी ते जमतात. कपाशीत ते फुटलेल्या बोंडातील सरकी शोषतात. त्यांच्या सोंडेबरोबर आत शिरणाऱ्या बुरशीने रुईवर पिवळट तपकिरी डाग पडतात आणि मालाचा भाव उतरतो.

यांचे आयुष्य वरच्या दोन्ही किडींहून निराळे आहे, कारण यांत कोषाची अवस्थाच नाही. मादी ओलसर मातीत किंवा पाचोळ्याखाली पिवळसर अंड्यांचा पुंजका घालते. आठवडाभरात निघालेली पिल्ले बिनपंखांची, परंतु दिसायला आईबापांसारखीच असतात. ती पाच वेळा कात टाकतात, दर वेळी पंखांचे कोंब थोडे वाढतात आणि पाचव्या कातीनंतर पूर्ण पंखांचा कीटक होतो. याला महिना-दीड महिना लागतो. जुळलेली जोडी कधी कधी दिवसचे दिवस सुटत नाही, म्हणून ती आपल्या नजरेस इतकी भरते.

याच कुळातील एका युरोपीय किड्यामुळे विज्ञानाला एक मोलाची गोष्ट कळली. १९६५ च्या सुमारास कारेल स्लामा यांनी प्रागहून आणलेले हे किडे हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स यांच्याबरोबर वाढवायला घेतले, तेव्हा पाचव्या कातीनंतर ते प्रौढ होईनात. पुन्हा मोठी पिल्लेच होत आणि तशीच मरत. बारकाईने शोध घेता कारण सापडले ते त्यांच्या भांड्यात अंथरलेल्या कागदात. अमेरिकेतील ज्या वृक्षाच्या लगद्यापासून तो कागद बनला होता, त्यात किड्यांच्या ‘बाल्य’ टिकवणाऱ्या संप्रेरकासारखे द्रव्य होते. किडीला मारण्याऐवजी तिचे मोठे होणे थांबवता येईल, या विचाराला त्यातून जोर आला आणि पुढे त्या धर्तीची कीटकनाशके निघाली.

आपल्यासाठी एवढे पुरे की, भिंतीवर औषध फवारू नये. सकाळच्या गारव्यात हे किडे मंद असतात, तेव्हा केरसुणीने सुपलीत लोटून साबणाच्या पाण्यात टाकावेत आणि सावरीखालच्या बिया व पाचोळा झाडून उचलावा. खाणे संपले की उरलेले आपणहून पांगतात. शेजारी भेंडी किंवा अंबाडी बियाण्यासाठी राखलेली असेल, तर मात्र तिकडे लक्ष ठेवावे, कारण ते तेथेच वळतील. झाडण्यापूर्वी क्षणभर थांबून थव्याकडे पाहावे. एखादा मोठा लाल किडा दुसऱ्या लाल किड्याच्या अंगात सोंड खुपसून बसलेला दिसला, तर तो अँटिलोकस नावाचा, याच कुळातील शिकारी किडा होय आणि तांबडे ढेकूण हेच त्याचे अन्न आहे. त्याला सुपलीतून वेगळा काढून पुन्हा झाडाखाली सोडावा.